जमीन आमची, घड्याळ कुणाचे?

२ एप्रिल २०२२ च्या रात्री, ऐन गुढीपाडव्याला, चंद्रपूर जिल्ह्यातील लोकांनी आकाशातून पेटत्या रेषा उतरताना पाहिल्या. सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. त्याच परिसरात धातूचा एक गोळाही सापडला. पोलीस आले, महसूलचे अधिकारी आले, मागाहून इस्रोचे शास्त्रज्ञ तपासणीसाठी आले. चिनी अग्निबाणाच्या एका टप्प्याचे हे अवशेष असावेत, असा अंदाज जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने सांगितला. काही दिवस वर्तमानपत्रांत चर्चा झाली आणि विषय मिटला.

कडे डोळ्यांना दिसले म्हणून त्याची बातमी झाली. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलावर अंतराळातून आणखी एक गोष्ट रात्रंदिवस उतरत असते. ती दिसत नाही, तिचा आवाज होत नाही आणि तिची बातमीही होत नाही. ती म्हणजे वेळ. उपग्रहात बसवलेल्या घड्याळांची वेळ. या वेळेवर मोबाईलचे टॉवर चालतात, विजेचे जाळे तपासले जाते आणि आमच्या माणसाच्या जबरानजोतीचा नकाशाही तिच्यावरच काढला जातो. जंगलातला धुरा कुठून कुठे जातो, हे आता पटवाऱ्याची साखळी सांगत नाही, आकाशातले घड्याळ सांगते. म्हणून हे घड्याळ काय आहे, ते कुणाच्या ताब्यात आहे आणि त्याच्या नावावर कुणाचा हक्क डावलला जातो, हे चळवळीच्या माणसाला कळले पाहिजे. हा विषय शास्त्रज्ञांचा आहे, आपला नाही, असे म्हणून चालणार नाही.

आधी घड्याळाचे काम समजून घेऊ. उपग्रह जमिनीवर सतत एक निरोप पाठवत असतो. त्या निरोपात दोन गोष्टी असतात: मी आता अमुक ठिकाणी आहे आणि आता माझ्या घड्याळात अमुक इतके वाजले आहेत. हातातले जीपीएस यंत्र हा निरोप ऐकते आणि तो पोहोचायला किती वेळ लागला ते मोजते. वेळेवरून अंतर काढते. म्हणजे हे यंत्र अंतर मोजतच नाही. ते वेळ मोजते आणि अंतराचा हिशेब करते. रेडिओ लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ज्याला नॅनोसेकंद म्हणतात, लहर शाळेतल्या पट्टीएवढे, ३० सेंटीमीटर अंतर कापते. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. तीनशे मीटर म्हणजे एका माणसाचे शेत ओलांडून दुसऱ्याच्या शेतात, कदाचित राखीव जंगलात.

आपल्या मनगटावरच्या साध्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. असे घड्याळ दिवसाला अर्धा सेकंद पुढे-मागे गेले तरी आपले काही बिघडत नाही. एसटी चुकत नाही, कामावर खाडा पडत नाही. पण अर्ध्या सेकंदात रेडिओ लहर दीड लाख किलोमीटर जाते. म्हणून उपग्रहातल्या स्फटिकावर पहारा ठेवावा लागतो. हा पहारा रुबिडियम या धातूचे अणू ठेवतात. काचेच्या लहान कुपीत रुबिडियमची वाफ असते. तिच्यातून रुबिडियमच्याच दिव्याचा प्रकाश सोडतात आणि क्वार्ट्झच्या स्फटिकापासून तयार केलेल्या लहरी तिच्यावर टाकतात. लहरींची कंपने सेकंदाला सुमारे ६८३ कोटी ४७ लाख झाली की नेमक्या त्याच वेळी वाफ जास्त प्रकाश शोषते आणि पलीकडचा प्रकाश मंद होतो. स्फटिक जरा चुकला की प्रकाश वाढतो. यंत्राला चूक कळते आणि ते स्फटिकाला परत जागेवर आणते. हे सतत चालते. दिवसाकाठी काही नॅनोसेकंदांपलीकडे चूक जाऊ नये, एवढी अपेक्षा या घड्याळाकडून असते. उपग्रहाच्या संदेशाची लहरसुद्धा याच घड्याळातून निघते. अमेरिकेच्या जीपीएसमध्ये मूळ ठोका सेकंदाला १ कोटी २ लाख ३० हजार कंपनांचा आहे. त्याच्या १५४ पटीवर एक लहर, ११५ पटीवर दुसरी. आपल्या देशाचे उपग्रहही या ११५ पटीच्या लहरीवर बोलतात. ठोका बिघडला की सगळेच बिघडते.

निसर्गही इथे आपला हिशेब मागतो. वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून घड्याळ जलद चालते, उपग्रहाच्या वेगामुळे ते थोडे हळू चालते. दोन्हीची वजाबाकी करून जीपीएस उपग्रहाचे घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. हे आइन्स्टाइनच्या सिद्धांताने आधीच सांगितले होते. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात ११ किलोमीटरची चूक साचेल. म्हणून घड्याळ उडवण्यापूर्वीच ते तेवढे हळू लावून ठेवतात.

आता हे घड्याळ कुणाचे, ते पाहू. आपल्याकडे मोजणीला वापरली जाणारी हातातली यंत्रे मुख्यतः अमेरिकेच्या जीपीएसवर चालत आली. जीपीएस अमेरिकेच्या लष्कराने उभे केले. १ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत होती. उपग्रहाच्या घड्याळाचीच वेळ ती हलवत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक होत असे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही मिसळ बंद झाली. एक एकराचे चौरस शेत काढले तर त्याची एक बाजू सुमारे ६४ मीटर भरते. म्हणजे त्या काळात एका परक्या सरकारच्या मर्जीने तुमचे अख्खे शेत नकाशावर शेजारच्या जागी जाऊन बसू शकत होते. घड्याळ ज्याचे, नकाशाची चावी त्याच्या खिशात.

म्हणून भारताने स्वतःची व्यवस्था उभी करायला घेतली, हे योग्यच झाले. १ जुलै २०१३ रोजी आयआरएनएसएस-१ए हा पहिला उपग्रह गेला. एप्रिल २०१६ पर्यंत सात उपग्रहांचा संच पूर्ण झाला आणि त्याला 'नाविक' असे नाव दिले गेले. उपग्रह आपले, अग्निबाण आपला, पण आतली रुबिडियम घड्याळे स्वित्झर्लंडच्या कंपनीकडून विकत आणलेली. प्रत्येक उपग्रहात अशी तीन. पहिल्या उपग्रहातली तिन्ही घड्याळे बंद पडली, हे २०१७ च्या जानेवारीत जगजाहीर झाले. उपग्रहाचे बाकी सगळे अवयव धडधाकट, पण घड्याळ नाही म्हणून तो जागा सांगण्याच्या कामाचा राहिला नाही. त्याच महिन्यात युरोपच्या 'गॅलिलिओ' उपग्रहांतलीही नऊ घड्याळे बंद पडल्याचे युरोपीय अंतराळ संस्थेने सांगितले. त्यात तीन रुबिडियमची होती. श्रीमंत युरोपलाही हे यंत्र सहज साधलेले नाही, हे यावरून दिसते.

बदली उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सोडला, तर अग्निबाणाचे उष्णतारोधक कवच उघडलेच नाही. उपग्रह आतल्या आत अडकला. १२ एप्रिल २०१८ ला पुढचा उपग्रह नीट पोहोचला. मधल्या काळात इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने स्वतःचे रुबिडियम घड्याळ तयार केले आणि २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ या उपग्रहातून देशी अणुघड्याळ पहिल्यांदा अंतराळात गेले. हा पराक्रम आहे आणि त्याचे श्रेय त्या कामगार-तंत्रज्ञांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे. पुढे २९ जानेवारी २०२५ ला एनव्हीएस-०२ गेला. श्रीहरिकोट्याचे ते शंभरावे उड्डाण होते. पण इंजिनाला ऑक्सिडायझर पुरवणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत आणि उपग्रह ठरलेल्या कक्षेत जाऊ शकला नाही.

जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत जो हिशेब दिला तो वाचकांनी लक्षात ठेवावा. अकरा उपग्रह सोडले. जागा आणि वेळ सांगण्याचे पूर्ण काम त्यांतले चार तेव्हा करत होते. चार फक्त एकतर्फी संदेश पाठवण्यासाठी उरले होते. एक निवृत्त झाला. दोन ठरलेल्या कक्षेत पोहोचलेच नाहीत. आता चार या आकड्याचा अर्थ पाहा. जागा काढायला तीन उपग्रह पुरले असते, पण हातातल्या यंत्रात रुबिडियम नसते, साधे क्वार्ट्झ असते. त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. म्हणजे चार हा अगदी किमान आकडा आहे. यात राखीव काही नाही. एक घड्याळ थांबले तर केवळ आपल्या उपग्रहांच्या बळावर पूर्ण जागा काढता येणार नाही. महासत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी या हिशेबावर बोलावे. देशी घड्याळ आहे, ते चालते, मग त्याचे उत्पादन, तपासणी आणि उड्डाण यांना एवढी वर्षे का लागतात, हा प्रश्न विचारणे देशद्रोह नाही. करदात्याचा तो हक्क आहे.

आमच्या या दोन जिल्ह्यांत घड्याळाचे काम कुठे कुठे येते? चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे. कोळसा इथला, राख इथली, धूर इथला. १९९९ पासून चंद्रपूर ते पडघे या साडेसातशे किलोमीटरच्या उच्चदाब वाहिनीने वीज मुंबईकडे जाते. देशाच्या वीजजाळ्यावर नजर ठेवणारी नवी उपकरणे दूरदूरच्या उपकेंद्रांत एकाच क्षणी मापन करतात आणि प्रत्येक मापनावर उपग्रहाच्या घड्याळाचा शिक्का मारतात. तो क्षण जुळला नाही तर जाळ्यात बिघाड कुठे सुरू झाला ते कळत नाही. टॉवरचेही तसेच. एकाच लहरीवर आळीपाळीने बोलणारे आणि ऐकणारे टॉवर असतील तर सगळ्यांची पाळी मायक्रोसेकंदांपर्यंत जुळावी लागते. ही वेळ ते बहुधा उपग्रहाकडूनच घेतात. मुंबईची वीज अडू नये, फोन अडू नये, म्हणून या घड्याळाची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत. पण त्याच घड्याळाने जंगलातल्या माणसाची जमीन मोजली तेव्हा किती चूक झाली, याची काळजी वाहणारा कोण आहे?

खरा प्रश्न इथे आहे. २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेली वनजमीन कसणाऱ्याच्या नावे व्हावी, हा त्याचा एक भाग. दावे दाखल झाले आणि मोजणीला हातातली जीपीएस यंत्रे आली. माणूस यंत्र घेऊन धुऱ्यावरून फिरतो, यंत्र ठिकठिकाणचे बिंदू नोंदवते, बिंदू जोडून नकाशा होतो. मोकळ्या माळावर हे ठीक. पण गडचिरोलीचा जवळपास सत्तर टक्के भूभाग जंगलाखाली आहे. साग, मोह, ऐन, बांबू यांच्या दाटीत उपग्रहाचा दुबळा संदेश अडतो, ओल्या पानांत विरतो, खोडांवर आणि टेकड्यांवर आपटून उशिराने पोहोचतो. उशिरा पोहोचला की यंत्राला वाटते अंतर जास्त आहे. आकाशातले घड्याळ नॅनोसेकंदाला चुकत नाही आणि खाली झाडाखाली पाच-दहा मीटरची चूक होते.

पाच मीटर म्हणजे फार नाही, असे कचेरीत बसलेल्याला वाटते. हिशेब करून पाहा. एक एकराच्या चौरस शेताची बाजू ६४ मीटर. चारही बाजूंनी रेषा पाच-पाच मीटर आत सरकली तर बाजू उरते ५४ मीटर. क्षेत्र भरते २,९०० चौरस मीटरच्या आसपास. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एका एकरात जवळपास तीस टक्के जमीन कागदावरून गेली. चूक प्रत्येक वेळी चारही बाजूंनी आतच जाईल असे नाही, ती बाहेरही जाते. पण बाहेर गेली की तिला अतिक्रमण म्हणतात आणि आत गेली की कुणी काही म्हणत नाही. शंभर एकरवाल्या कंपनीच्या पट्ट्यात पाच मीटर काठावरची धूळ आहे. एका एकरवाल्याच्या धानाच्या बांधीत पाच मीटर म्हणजे वर्षातले तीन महिन्यांचे जेवण. यंत्राची चूक सगळ्यांना सारखी असते, तिची किंमत सारखी नसते. आम्ही ज्याला समतेचा प्रश्न म्हणतो तो हाच.

उपग्रह चित्रांचेही असेच आहे. फलाण्या ठिकाणी २००५ साली शेती दिसत नाही, सबब दावा नामंजूर. चित्र म्हणजे ब्रह्मवाक्य! पण हे चित्रही घड्याळावरच उभे आहे. चित्र काढणारा उपग्रह जमिनीवरून सेकंदाला साडेसहा-सात किलोमीटर पुढे सरकत असतो. चित्राच्या प्रत्येक ओळीवर त्याचे घड्याळ वेळ नोंदवते आणि त्या वेळेवरून ती ओळ नकाशावर कुठे बसवायची ते ठरते. घड्याळ सेकंदाच्या हजाराव्या भागाने चुकले तर चित्र सहा-सात मीटर सरकते. भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर ७२ मीटरहून मोठा होता. एक एकराचे शेत त्या एका ठिपक्यात बुडून जाते! २००५ पर्यंत नजर पुष्कळ तीक्ष्ण झाली, सहा मीटरच्या आत आली, हे खरे. तरी पडीक ठेवलेले वर्ष, शेतात राखलेली मोहाची झाडे, पावसाळ्याचे ढग, हे चित्राला कोण समजावून सांगणार?

त्यातून गैरआदिवासी वननिवासींची गोष्ट आणखी वेगळी. या जंगलपट्ट्यात आदिवासींच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या बौद्ध, ढिवर आणि इतर बहुजन कुटुंबे राहतात. कायदा त्यांना सांगतो, तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवा. २००५ मधून ७५ वजा केले की साल येते १९३०. माणसाने पहिला उपग्रह सोडला १९५७ साली. १९३० चे उपग्रह चित्र कुठून आणायचे? तेव्हा आकाशात घड्याळ नव्हते, पण गावात माणसे होती. निस्तार पत्रक होते, जनगणना होती, विहिरी, बांध आणि स्मशाने होती. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, सातबारा नव्हता, त्यांच्याकडेच कागद मागायचा, ही रीत नवी नाही.

आणि गंमत अशी की कायदा स्वतः हे म्हणतच नाही. वनहक्क नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यातील नियम १२-अ च्या ११ व्या पोटनियमाने स्पष्ट केले की उपग्रह चित्र आणि इतर तंत्रज्ञान हे बाकी पुराव्याला पूरक म्हणून घेता येईल, त्याच्या जागी घेता येणार नाही. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये केवळ उपग्रह चित्रांवरून दावे फेटाळण्याला चाप लावला. नियम १३ मध्ये घर, झोपडी, बांध, विहीर अशा खुणा आणि वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन यांना पुराव्याचा दर्जा आहे. म्हणजे म्हाताऱ्या आजीची साक्ष आणि उपग्रहाचे चित्र कायद्यापुढे एकाच पंगतीत बसतात. हे किती जणांना माहीत आहे? १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला, तेव्हा देशभर लाखो कुटुंबांच्या पोटात गोळा आला. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली आणि दावे फेटाळताना रीतसर प्रक्रिया पाळली का, याची माहिती राज्यांकडून मागवली गेली. टांगती तलवार ज्यांच्यावर आहे त्यांच्या दाव्याच्या फायलीत कोणत्या यंत्राने, कोणत्या महिन्यात, किती चुकीने मोजणी झाली हे लिहिलेले आहे का, हे तपासायला नको?

वेळ आणि सत्ता यांचे नाते आम्हाला कुणी नव्याने शिकवायला नको. पेशवाईत सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर महार-मांगांना पुण्याच्या वेशीच्या आत प्रवेश नव्हता. त्या वेळी सावली लांब पडते आणि सावलीचा विटाळ होतो म्हणून. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी ही नोंद करून ठेवली आहे. सूर्य सगळ्यांचा, सावली सगळ्यांची, पण वेळेचे माप सत्तेच्या हाती आणि त्या मापाने माणूस वेशीबाहेर. मुहूर्त सांगणाऱ्याने शतकानुशतके पेरणीपासून लग्नापर्यंत दक्षिणा घेतली ती वेळ मोजण्याच्या मक्तेदारीवरच. बाबासाहेबांनी हे माप उलटे फिरवले. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री असताना १९४६ साली त्यांनी कारखाने कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले आणि कारखान्याचा आठवडा ४८ तासांवर आला. तेच घड्याळ, तोच भोंगा, पण आता घड्याळ मजुराच्या बाजूने साक्ष देऊ लागले. घड्याळ फोडून टाका, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. ते कायद्यात आणून बसवले.

आमचे म्हणणे तेवढेच आहे. तंत्रज्ञानाला विरोध करण्याचा खुळेपणा चळवळीने करू नये. जीपीएस नको, साखळीच बरी, असे म्हणणाऱ्याने पटवाऱ्याच्या साखळीने आणि वतनदाराच्या शब्दाने आमच्या किती जमिनी खाल्ल्या ते आठवावे. यंत्राला निदान जात नसते. पण यंत्र वापरणाऱ्याला असते, त्याला पगार देणाऱ्या व्यवस्थेला असते. म्हणून यंत्र ग्रामसभेच्या हातात आले पाहिजे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वाट दाखवली आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या हातून ग्रामसभेच्या हातात आले. हे घोषणेने झाले नाही. त्या गावाने अभ्यास गट चालवला, कायदा वाचला, आपली सीमा आपण समजून घेतली. जे गाव परवान्याचे पुस्तक सांभाळू शकते ते जीपीएस यंत्र का सांभाळू शकणार नाही?

आणि दुसरी बाजू घड्याळ बनवणाऱ्यांची. संशोधन करणारी किंवा त्याचे मार्गदर्शन करणारी वैज्ञानिक-तांत्रिक पदे वर्ग एकच्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या वरची असतील तर आरक्षणातून वगळण्याची सोय केंद्र सरकारच्या १९७५ च्या आदेशाने करून ठेवली आहे. जिथे निर्णय होतो, जिथे घड्याळाचा आराखडा ठरतो, नेमक्या तिथेच दार अर्धे बंद. गुणवत्तेच्या नावाने ही सूट घेतली. एटापल्ली-भामरागडच्या आश्रमशाळेतली मुलगी क्वार्ट्झचा स्फटिक हातात न घेता दहावी होत असेल, तर ती अहमदाबादच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचणार कशी? गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. जंगलात उपग्रहाची मोजणी किती चुकते, कोणत्या ऋतूत चुकते, ती कशी सुधारायची, या विषयाला देशात याहून योग्य जागा नाही. हे संशोधन इथल्या मुलांनी करावे आणि त्याचा आकडा जिल्हास्तरीय समितीच्या टेबलावर ठेवावा.

देशी घड्याळ झाले, याचा आम्हाला अभिमान आहे. पण परक्याच्या घड्याळातून सुटून देशाचे घड्याळ आले आणि ते फक्त कचेरीच्या भिंतीवर टांगले गेले, तर जंगलातल्या माणसाला फरक काय? स्वावलंबन श्रीहरिकोट्याला संपत नाही. ते लेखा-मेंढ्याच्या, सिंदेवाहीच्या, सिरोंच्याच्या ग्रामसभेत पूर्ण होते.

म्हणून आमच्या कार्यकर्त्यांना सांगणे आहे. येत्या ग्रामसभेत फेटाळलेल्या दाव्यांची यादी मागा. कारण लेखी मिळाले आहे का पाहा, ते देणे समितीला बंधनकारक आहे. केवळ उपग्रह चित्रावरून दावा गेला असेल तर नियम १२-अ दाखवा. ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे साठ दिवसांत दाद मागता येते, ती मुदत चुकू देऊ नका. मोजणीच्या नकाशावर यंत्राचे नाव, तारीख आणि धरलेली चूक लिहायला लावा. फेरमोजणी उन्हाळ्यात, पानगळ झाल्यावर मागा, तेव्हा आकाश मोकळे असते. धुऱ्यावरून चालताना यंत्र आपल्या पोराच्या हातात द्या आणि गावातल्या म्हाताऱ्यांना बरोबर न्या. यंत्र जागा सांगेल, पिढ्या म्हातारे सांगतील. दोन्ही कागदावर लिहून घ्या आणि खाली ग्रामसभेचा ठराव जोडा.